मुंबईच्या उन्हाळ्यात गच्चीवरचा बार: वारा कुठला, टेबल कुठलं, ग्लासात काय

खारा_वारा

एप्रिल लागला की "मुंबईत गच्चीवर बसायला कुठे जावं" हा प्रश्न आपल्या फोरमवर दर आठवड्याला येतो आणि उत्तरादाखल नुसती नावं पडतात. वरळीचं एअर, मरीन ड्राइव्हचं डोम, अपोलो बंदरचं बेव्ह्यू ही नावं आता सगळ्यांना पाठ आहेत. नावांनी भागत नाही. मे महिन्यात कुठल्याही गच्चीवर चुकीच्या वेळी, चुकीच्या टेबलावर बसलं की चौतिसाव्या मजल्यावरही शर्ट पाठीला चिकटतो. म्हणून नावं बाजूला ठेवून बाकीचं इथे एकत्र करू.

माझ्या मते क्रम असा: आधी वारा, मग वेळ, मग ग्लास, सगळ्यात शेवटी देखावा.

वाऱ्यापासून सुरुवात करतो. उन्हाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो. जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमाराला तो फिरतो आणि पश्चिमेकडून-वायव्येकडून खारा वारा लागतो. तो वेळेवर आला तर दुपारचा पारा ३३-३४ वर थांबतो. पण पूर्वेकडचा कोरडा वारा जोरात असेल तर खारा वारा दोन-अडीचपर्यंत अडून राहतो आणि पारा ३८च्या पुढे जातो. अशा दिवशी संध्याकाळी हवा निवते, गच्ची निवत नाही. फरशी, कठडा, भिंती यांनी दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता आठ-नऊपर्यंत खालून येत राहते, पायांना ती सरळ जाणवते. त्या दिवशी सूर्यास्ताचा मोह सोडून साडेआठला वर जावं.

निघायच्या आधी कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांचे आकडे बघायचे. तापमानापेक्षा वाऱ्याची दिशा आणि वेग महत्त्वाचा. पश्चिम-वायव्य आणि ताशी १५ किमीच्या आसपास असेल तर खुशाल जा. ५-६ वर आला असेल तर खाली एसीत बसलेलं बरं.

आता टेबल. सगळ्यांना काचेच्या कठड्याला लागून असलेला खालचा सोफा हवा असतो. तीच जागा सगळ्यात उकाड्याची. समुद्रावरून आलेला वारा काचेवर आपटून वर उचलला जातो आणि काचेच्या आत, बसलेल्या माणसाच्या उंचीवर, हवेचा खड्डा तयार होतो. डोक्यावरून वारा घोंघावतो आणि खाली गळ्यावरून घाम ओघळतो. उपाय सोपा आहे: उंच टेबल आणि उंच स्टूल. डोकं-खांदे काचेच्या वर आले की वारा लागतो. नाहीतर गच्चीचा उंचावलेला भाग बघा. बसायच्या आधी एक टिश्यू दोन बोटांत धरून बसल्या उंचीला लोंबकळता ठेवा. सरळ खाली लोंबला तर टेबल बदलून मागा. वेटर हसेल, हसू दे.

चिमूटभर_मीठ

देखाव्याला शेवटचा नंबर दिल्याबद्दल निषेध, पण काचेच्या खड्ड्याला पूर्ण सहमती.

देखाव्यापुरतं लिहिते. सूर्यास्त एप्रिलच्या सुरुवातीला ६:५२च्या आसपास, मेअखेर ७:१०. मावळायच्या आधीचा पाऊण तास पश्चिमेकडच्या टेबलांवर ऊन डोळ्यांत येतं; छत्री असली तरी तिरकं ऊन तिच्याखालून घुसतं. तेव्हा साडेसहाला बूक करा आणि मेन्यू कार्डाआड दहा मिनिटं काढा. त्याहून आधी जाण्यात काही अर्थ नाही.

मरीन ड्राइव्हबद्दल एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. सूर्य वर्षभर एकाच जागी बुडत नाही. हिवाळ्यात तो नैऋत्येला सरकलेला असतो आणि चर्चगेटकडच्या गच्चीवरून सरळ पाण्यात बुडताना दिसतो. एप्रिलभर तो उत्तरेकडे सरकत राहतो, तरी अजून समुद्रातच असतो. मेच्या मध्यापासून मात्र मलबार हिलच्या टोकाला, राजभवनाच्या झाडांमागे जातो. "समुद्रात सूर्यास्त" हवा असेल तर त्या बाजूला एप्रिल गाठा. मेमध्ये वरळी किंवा जुहू.

अपोलो बंदरची गच्ची पूर्वेला, बंदराकडे तोंड करून आहे. तिथे सूर्यास्त पाठीमागच्या इमारतींत हरवतो, म्हणून लोक नाक मुरडतात. तिथे पौर्णिमेला जायचं! चैत्री पौर्णिमेला किंवा बुद्ध पौर्णिमेला साधारण सूर्यास्ताच्याच सुमाराला उरणच्या बाजूने चंद्र वर येतो, खाली नांगरलेल्या बोटींचे दिवे. दुसऱ्या दिवशी तो पाऊण तास उशिरा येतो, तेही चालतं, काळोख जास्त मिळतो.

अनुस्वार

उत्तम धागा. एक शंका: हल्ली काही गच्च्यांवर पाण्याचे तुषार सोडणारे पंखे असतात. दिल्लीत त्यांनी खरंच गारवा येतो. इथे मात्र त्याच पंख्यासमोर बसून अंग चिकट होतं. पंख्यात फरक की डोक्यात?

पातळीयंत्र

@अनुस्वार, पंखा तोच, हवा वेगळी.

तुषारांनी गारवा येतो तो पाणी उडून गेलं तरच. ते किती उडेल हे हवेत आधीच किती ओल आहे यावर ठरतं. दिल्लीत मेमधल्या दुपारी ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली तर पाणी उडवून हवा जास्तीत जास्त २२-२३ अंशांपर्यंत खाली नेता येते. म्हणजे हाताशी जवळजवळ २० अंशांची जागा. मुंबईत संध्याकाळी ३२ अंश आणि ७० टक्के असेल तर ती सीमा २७च्या जवळ येते. जागा पाच अंशांची, आणि उघड्या गच्चीवर तिच्यातलेही एक-दोनच पदरात पडतात. उरलेले थेंब उडत नाहीत. ते अंगावर, टेबलावर आणि शेजारणीच्या पापडावर बसतात. शिवाय घाम वाळायला जी थोडी वाव होती ती हे पंखे खातात.

इथे साधा मोठा पंखाच चांगला. हवेचं तापमान त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, कमी आहे तोवर नुसती हलती हवाही गारवा देते. तुषारवाल्या पंख्यासमोर बसवलं तर नोझल बंद करून फक्त पाती चालू ठेवायला सांगा. बहुतेक पंख्यांना पंपाचं बटण वेगळं असतं.

पंख्याचा आणखी एक फायदा म्हणजे डास. कुंड्यांची रांग असलेल्या गच्चीवर संध्याकाळी ते असतातच. सिट्रोनेलाच्या मेणबत्तीचा वास वाऱ्याबरोबर पळून जातो, पण डासाला जोराच्या हवेत नीट उडता येत नाही.

तिसरा_पेग

ग्लासाकडे वळू या, इतका वेळ कोरडा धागा चाललाय.

बिअर. गच्चीवर ६५० मिलीची बाटली दोघांत घेणं परवडतं हे खरं, पण उरलेली अर्धी कोमट होते. ३३० मिलीची पिंट घ्या, संपली की दुसरी मागवा. गरम का होते याचं कारण नुसतं तापमान नाही. बाहेरून जे पाणी जमतं ते दोषी. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि तिचा मोठा भाग काचेतून आत जातो. ३३० मिलीच्या बाटलीवर तीन ग्रॅम पाणी जमलं, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त, तर त्या उष्णतेत बिअर पाचेक अंशांनी चढू शकते. लोक ओला टिश्यू गुंडाळतात, त्याचा इथल्या दमट हवेत उपयोग शून्य. बाटलीला फोमचं वेष्टण किंवा जाड कोरडा नॅपकिन घाला, म्हणजे ओल काचेपर्यंत पोचत नाही.

ड्राफ्ट बिअर गच्चीवर जपून. केग, म्हणजे बिअरचं पिंप, ३-४ अंशांवर लागतो. बऱ्याच ठिकाणी केग खालच्या मजल्यावर आणि नळ वर, मधली नळी उन्हात तापलेल्या भिंतीला लागून गेलेली असते. नळीत थांबलेली बिअर तापली की तिच्यातला गॅस सुटतो आणि पहिला ग्लास अर्धा फेसच येतो. संध्याकाळचे पहिले दोन ग्लास बारवाल्याने ओतून टाकायला हवेत. तो टाकत नसेल तर तुम्ही पिंट मागवा. ग्लास नुकताच धुतलेला, गरम असेल तरीही हाच प्रकार.

बर्फ. "बर्फ कमी टाका, दारू पातळ होते" हा सगळ्यात मोठा गैरसमज. कमी बर्फ लवकर वितळतो. ग्लास काठोकाठ भरलेला असेल तर सगळं मिश्रण शून्याच्या जवळ जातं आणि वितळणं मंदावतं. मोठे खडे, थंड केलेला सोडा, आधी थंड केलेला ग्लास. कोमट सोडा ओतला की अर्धा बर्फ तिथेच गेला समजा. तुकडे लहान, मधे पोकळ असतील तर डबल बर्फ मागा आणि वीस मिनिटांत संपवा.

आणि उकाड्यात तहान लागली म्हणून बिअर पिऊ नका. आधी पाव लिटर पाणी, मग पहिला ग्लास, नंतर प्रत्येक पेयामागे एक ग्लास पाणी. घाम इतका जातो की बाथरूमची आठवणही होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी डोकं फुटतं.

मांडवीकर

गोव्याच्या बाजूने भर घालतो. उन्हाळ्याचं खरं पेय हुर्राक. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. फेणी चाळिशीच्या पुढची, हुर्राक पंधराच्या आसपास. मार्च ते मे एवढाच हंगाम, टिकतही नाही, त्यामुळे मुंबईच्या मेन्यूवर कुणी "हुर्राक" लिहिलं असेल तर आधी बाटली बघायला मागा.

पणजीत गच्चीवर बसलात तर: ६० मिली हुर्राक, अर्ध्या लिंबाचा रस, दोन चिमूट मीठ, एक उभी चिरलेली हिरवी मिरची, वरून लिम्का, काठोकाठ बर्फ. मिरचीच्या बिया काढायच्या, नाहीतर तिसऱ्या घोटाला फक्त मिरचीच. लोक फसतात ते याच्या सौम्यपणाला. सरबतासारखं जातं, म्हणून हिशेब राहत नाही.

मुंबईत फेणी मिळते. तिला टॉनिक मारतं, साधा सोडा आणि कोकम चालतं.

चिमूटभर_मीठ

कोकमाचा विषय निघालाच आहे तर: बारमध्ये आगळ आणि अमृत कोकम यांत नेहमी घोळ होतो. आगळ खारं आणि बिनसाखरेचं, अमृत कोकम गोड. आगळ असेल तर १५ मिली पुरे आणि वरून मीठ अजिबात नको. अमृत कोकम असेल तर ३० मिली, लिंबू आणि चिमूटभर मीठ. न विचारता मागवलं की एक तर समुद्राचं पाणी येतं किंवा पाक.

पन्हं आणि जिन यांचं जमतं. ४५ मिली जिन, ३० मिली घट्ट पन्हं, ९० मिली गार सोडा. पन्हं उकडलेल्या कैरीचं, वाटीभर गराला सव्वा वाटी गूळ. आणि गाळलेलंच हवं. कैरीचे धागे राहिले तर त्यांच्यावर सोड्याचे बुडबुडे धरतात, ग्लास उतू जातो आणि दोन मिनिटांत सोडा मरतो. वेलची नको, केशर तर नकोच. जिनमध्ये आधीच पुष्कळ वास असतात.

न पिणाऱ्यांनी हेच जिन वगळून मागवावं. तीनशे रुपयांच्या निळ्या मॉकटेलपेक्षा शंभरपट बरं.

अर्धी_पोळी

चखण्यावर कुणीच बोललं नाही, कमाल आहे!

दमट हवेत मसाला पापड म्हणजे पैसे पाण्यात. टोमॅटो-कांद्याचं पाणी खालून आणि हवेची ओल वरून. पाच मिनिटांत त्याची घडी घालता येते. पापड कोरडा मागवा, मसाला वेगळ्या वाटीत. फ्राइजचं तेच, गच्चीवर त्या मरतात. टिकतात ते भाजलेले शेंगदाणे, चणाडाळ, तळलेला बोंबील. बोंबील रवा लावलेला हवा, मैद्याच्या पिठातला दहा मिनिटांत मऊ पडतो.

मेयोनीज आणि क्रीमचे डिप उघड्यावर ठेवून तासन्‌तास बुडवत बसू नका. हिरवी चटणी त्यातल्या त्यात बरी, लिंबू असतं.

मासे मेअखेरपर्यंत निर्धास्त खा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, त्या काळात "आजचं ताजं पापलेट" म्हणणाऱ्याला ते कुठून आलं एवढंच विचारा.

वरळी-कुलाब्याला उघड्या ताटावर कावळ्यांचा आणि घारींचा डोळा असतो, विशेषतः उजेड असेपर्यंत. बोंबलाची प्लेट कठड्यावर ठेवू नका.

सरकारी_शाई

थोडं कायद्याचं, कारण बिलावरून भांडणं होतात.

महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ वर्षं, बाकी दारूला २५. पिण्याचा परवाना १९४९च्या दारूबंदी कायद्यापासून चालत आलेला आहे: विदेशी दारूसाठी एक दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० आणि आजीवन १०००. बहुतेक बार एक दिवसाचा आपणच फाडतात, तरी आजीवन काढून ठेवावा. १ मे कोरडा दिवस, मतदानाच्या आधीचे ४८ तासही. मेमधलं बुकिंग करताना हे विसरतं.

बिलात खाणं आणि दारू असे दोन वेगळे भाग बघा. दारूवर जीएसटी नाही, व्हॅट आहे; १ नोव्हेंबर २०२३ पासून साध्या बारमध्ये तो १० टक्के. खाण्यावर साध्या ठिकाणी ५ टक्के जीएसटी, मोठ्या तारांकित हॉटेलात १८. गच्चीवरचे बरेचसे बार हॉटेलांतच असल्याने हा फरक जाणवतो. दारूच्या रकमेवर जीएसटी लावला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२२ची, दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. काढायला सांगा आणि वाटलं तर वेटरच्या हातात रोख द्या. कव्हर चार्ज, म्हणजे आत शिरायचे पैसे, वेगळा. तो खाण्यापिण्यात वळता होतो की नाही हे फोनवरच विचारा.

"दहा वाजता गाणी का बंद केली" हा वाद घालू नका. उघड्यावर ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, २००० सालच्या नियमांनुसार. बार दीडपर्यंत चालू राहतो, आवाज नाही. गप्पा मारायच्या असतील तर दहानंतरची गच्ची हीच खरी.

पातळीयंत्र

सरकारी_शाईंनी सुटलेला भाग: जिने.

२९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटल्यावर कमला मिल्स आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण गेले. उघड्या गच्चीवर मंडप, बांबू, ताडपत्री, कापडी छत आलं की ती गच्ची राहत नाही, जळायला तयार खोली होते. वारा समुद्राचा असेल तर आगीचं काम आणखी सोपं. म्हणून बसायच्या आधी दोन जिने शोधा. लिफ्ट धरायची नाही. दुसऱ्या जिन्याचं दार ढकलून बघा. कुलूप असेल किंवा मागे क्रेट रचलेले असतील तर खाली उतरा, देखावा गेला खड्ड्यात. बारमागे आगीचे खेळ, टेबलांमध्ये कोळशाच्या शेगड्या आणि डोक्यावर कापड असं एकत्र दिसलं तरी तेच करा. हुक्का पार्लरवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा तो दिसणं हीसुद्धा खूणच.

डबा_क्रमांक_चार

घरी कसं जायचं? डोंबिवली-विरारवाल्यांचाही विचार करा.

खारा_वारा

@डबा_क्रमांक_चार, मध्य रेल्वेवर सीएसएमटीहून कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या गाड्या बाराच्या पुढेमागे, पश्चिमेला चर्चगेटहून एकच्या सुमाराला. नेमकी वेळ एम-इंडिकेटर अ‍ॅपवर, रविवारी मेगाब्लॉकही तिथेच बघा. भुयारी मेट्रो ३ आता कफ परेडपर्यंत आहे. जाताना चर्चगेटला किंवा वरळी नाक्याला, म्हणजे आचार्य अत्रे चौकाला, उतरता येतं. पण ती साडेदहाच्या सुमाराला संपते, त्यामुळे परतीला तिच्या भरवशावर राहू नका.

दीडला सगळे बार एकदम रिकामे होतात आणि टॅक्सीचे भाव चढतात. बिल सव्वाअकराला मागा. गर्दीच्या गच्चीवर ते यायला, दुरुस्त व्हायला आणि लिफ्ट मिळायला मिळून अर्धा तास जातो.

गाडी चालवायची असेल तर पिऊ नका, विषय संपला. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम, पहिल्याच खेपेला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

अनुस्वार

@पातळीयंत्र, नोझलचं बटण खरंच वेगळं असतं का ते बघायला हवं. शेवटची शंका: ६ जूनला बारा जण आहोत. गच्ची धरू की नको?

तिसरा_पेग

मुंबईत पावसाची सरासरी तारीख ११ जून, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला. त्याआधी वळवाच्या सरी असतातच. तेव्हा फोनवर तीन गोष्टी विचारा: पाऊस आला तर आतलं टेबल राखून ठेवणार का, आगाऊ रक्कम परत की फक्त तारीख बदलून, आणि बारा जणांना एकच लांब टेबल की तीन तुकडे. तिसऱ्याचं उत्तर "बघू" असं आलं तर दुसरीकडे फोन करा. बारा जणांत तीन टेबलं म्हणजे तीन बिलं, आणि ती जुळवता जुळवता कसारा जाते.